बोलावणं जेवणाचं, बाटली गोडाची

जेवायला बोलावलेला पाहुणा हमखास रेड नाहीतर व्हाइट वाइन घेऊन येतो. यजमानांनी जेवणासोबत काय द्यायचं ते बहुधा आधीच ठरवलेलं असतं. मग या बाटल्या कोपऱ्यात रांगेने उभ्या राहतात आणि पुढच्या कुठल्यातरी पार्टीला तिसऱ्याच घरी जातात. शेवटी गोड आणि कॉफी येते तेव्हाची बाटली मात्र कुणाच्या डोक्यात नसते. ती जागा रिकामी असते, म्हणून मी गेली काही वर्षं तीच धरून बसलोय.

डेझर्ट वाइन या नावाला नवखे लोक दोन कारणांनी बिचकतात. एक तर लेबलावरची नावं अगम्य असतात. दुसरं म्हणजे ‘गोड वाइन’ म्हटलं की खोकल्याचं औषध डोळ्यांपुढे येतं. दोन्ही भीती घालवता येतात.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी फोन

यजमानांना तीन गोष्टी विचारा. गोडाला काय आहे, माणसं किती आहेत आणि त्यातली वाइन पिणारी किती. ‘शेवटी प्यायला एक गोड बाटली आणू का?’ असं थेट विचारलंत तर आणखी चांगलं, कारण कुणीच पिणारं नसेल तर बेत वेळीच बदलता येतो. ‘तू काहीही आण’ असं उत्तर आलं तरी घाबरू नका. त्यावरचा उपाय पुढे आहे.

दुसरी पायरी: जिभेचे दोन नियम

गोड खाल्ल्यावर लगेच चहाचा घोट घेतला की तो फिका लागतो. चहात साखर तेवढीच असते, बदललेली असते ती जीभ. वाइनचंही असंच होतं. म्हणून पहिला नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, निदान तेवढीच गोड तरी हवी. हा नियम कळण्याआधी मी एका वाढदिवसाला ब्रूट शॅम्पेन घेऊन गेलो होतो. ब्रूट म्हणजे कोरडी, जवळजवळ बिनसाखरेची. क्रीमच्या केकवर पहिला घोट घेतला आणि सगळ्या टेबलाचे चेहरे लिंबू चावल्यासारखे झाले. वाइन उत्तम होती, चूक माझी होती.

दुसरा नियम जरा उलटा वाटेल: गोड वाइन निवडताना आंबटपणा शोधा. कोलासारख्या पेयात लिटरला साधारण 100 ते 110 ग्रॅम साखर असते. फ्रान्समधल्या सोटर्न गावच्या वाइनमध्ये बऱ्याचदा 120 ते 150 ग्रॅम असते, तरी ती पाकासारखी चिकट लागत नाही, कारण तिला आंबट कणा असतो. लिंबू न पिळलेलं सरबत कसं लागेल, विचार करा. दुकानदाराला ‘गोड द्या’ एवढंच सांगू नका. ‘गोड पण आंबटपणा चांगला असलेली द्या’ म्हणा. या एका वाक्याने समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तिसरी पायरी: गोडवा आला कुठून, ते समजून घ्या

इथे थोडा वेळ घालवायला हरकत नाही. हे कळलं की निम्मी लेबलं आपोआप वाचता येतात.

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल बनवतं. सगळी साखर संपली की वाइन कोरडी. गोड हवी असेल तर साखर शिल्लक राहिली पाहिजे. त्यासाठी एक तर रसात इतकी साखर आणायची की यीस्टला ती संपवताच येऊ नये, नाहीतर यीस्टचं काम मध्येच थांबवायचं.

साखर दाट करायचा सगळ्यात नवलाचा मार्ग म्हणजे बुरशी. बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षाची साल भेदते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, वास सगळं एकवटतं. हीच बुरशी सततच्या ओलीत आली तर पीक कुजवते. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं जमलं तरच ती कामाची. सोटर्नमध्ये सिरॉन ही गार पाण्याची छोटी नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते आणि शरदात तिथे धुकं दाटतं. सगळी द्राक्षं एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात. इथल्या शातो दीकेम या मळ्याला बोर्दो भागातल्या वाइनच्या 1855च्या वर्गवारीत सगळ्यांच्या वरचा दर्जा मिळाला होता. पीक मनासारखं आलं नाही म्हणून त्यांनी 2012 सालची गोड वाइन बाजारात आणलीच नाही. सोटर्न महाग का, याचं उत्तर यात आहे. खिशाला जपायचं असेल तर कादियाक, लुपियाक, सेंत-क्रवा-द्यु-माँ किंवा मोंबाझियाक ही नावं शोधा. त्याच तऱ्हेची वाइन, पण नावाचा दबदबा कमी, म्हणून किंमतही कमी.

हंगेरीची ‘टोकाय असू’ ही वाइन याच बुरशीची लेक. फुरमिंट हे तिचं मुख्य द्राक्ष, आणि त्याचा आंबटपणा जबरदस्त. लेबलावर 5 किंवा 6 पुत्तोन्योश लिहिलेलं असतं. पुत्तोन्य म्हणजे सुकलेली द्राक्षं मोजायची पाठीवरची टोपली. आकडा मोठा तशी वाइन जास्त गोड. 6 पुत्तोन्योशला लिटरमागे किमान 150 ग्रॅम साखर लागते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या बेरेनआउसलेझ आणि ट्रॉकनबेरेनआउसलेझ याच घराण्यातल्या.

दुसरा मार्ग गारठ्याचा. द्राक्षं वेलीवरच गोठू द्यायची आणि गोठलेली असतानाच पिळायची. पाण्याचा बर्फ आत राहतो, दाट रस तेवढा बाहेर येतो. तोडणीच्या वेळी जर्मनीत तापमान उणे 7 अंश किंवा त्याखाली असावं लागतं, कॅनडात उणे 8. हीच आइसवाइन. तिसरा मार्ग द्राक्षं तोडून वाळवण्याचा: इटलीतल्या विन सांतो आणि रेचोतो या वाइन अशा बनतात.

थांबवण्याचा मार्ग पोर्टचा. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात रस अर्धवट आंबलेला असताना त्यात द्राक्षाची 77 टक्क्यांची स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. दक्षिण फ्रान्सच्या बान्यूल्स, मोरी आणि मस्कत द बोम द व्हनीझ याच रीतीच्या. पोर्तुगालच्याच मडेरा बेटावरची मडेराही अशीच, फक्त तिला नंतर मुद्दाम उष्णतेत ठेवतात. एवढं सोसल्यामुळे ती उघडल्यावरही महिनोन् महिने टिकते.

इटलीतल्या मोस्कातो दास्तीचं आंबणं गारवा देऊन थांबवतात. अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, बारीक बुडबुडे, पीच आणि फुलांचा वास. वाइनचे जाणकार तिला पोरकट समजतात. समजू देत. भरपेट जेवणानंतर टेबलावर सगळ्यात आधी रिकामी होणारी बाटली बहुतेकदा तीच असते.

चौथी पायरी: पदार्थाशी जोडी लावा

फळांचं गोड असेल, म्हणजे सफरचंदाचा पाय, पीच किंवा जर्दाळूचा टार्ट, तर सोटर्न, टोकाय किंवा उशिरा तोडलेल्या द्राक्षांची रीसलिंग (हे आंबटपणासाठी नावाजलेलं पांढरं जर्मन द्राक्ष) घ्या. लिंबाचा टार्ट असेल तर जरा सांभाळून. पदार्थच आंबट असला की कमी आंबट वाइन मरगळलेली लागते. तिथे रीसलिंगची आइसवाइन किंवा आउसलेझच (निवडक, पुरत्या पिकलेल्या घडांची जर्मन वाइन) कामाची. हलका स्पंज केक, स्ट्रॉबेरी किंवा इतर बेरी असतील तर मोस्कातो दास्ती. तिची लाल बहीण ब्राकेत्तो दाक्वी मिळाली तर फारच छान, तिला स्वतःलाच रास्पबेरी आणि गुलाबाचा वास असतो. कस्टर्ड, क्रेम ब्रुले अशा दुधा-अंड्याच्या पदार्थांना पुन्हा सोटर्न.

चॉकलेट हा खरा अवघड पाहुणा. कडू, स्निग्ध आणि गोड एकाच वेळी, आणि तोंडभर लेप देऊन बसतं. नाजूक पांढऱ्या वाइनचा त्यापुढे टिकाव लागत नाही, त्यामुळे महागडी सोटर्न चॉकलेट केकवर वाया घालवू नका. रूबी (तरुण, लालभडक) किंवा एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या पिकाची, उशिरा बाटलीत भरलेली) पोर्ट आणा. नाहीतर बान्यूल्स किंवा मोरी आणा. त्या काळ्या ग्रनाश द्राक्षाच्या असतात आणि चॉकलेटसाठीच जन्मल्यासारख्या वाटतात. व्हाइट चॉकलेट हे मुळात चॉकलेटसारखं वागत नाही, त्याला मोस्कातो चालते.

अक्रोड, बदाम, कॅरमेल, कॉफी यांच्या चवीचं काही असेल तर टॉनी पोर्ट, विन सांतो किंवा बुआल नाहीतर माम्झी मडेरा. वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहून या वाइनना स्वतःलाच भाजलेल्या सुक्या मेव्याची चव आलेली असते, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही.

आइसक्रीमचा प्रश्न वेगळा. थंडीने जीभ बधिर होते आणि नाजूक वाइनची चवच कळत नाही. यावर एक नामी उपाय आहे: स्पेनची पेद्रो हिमेनेझ शेरी. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, जवळजवळ काळी, काकवीसारखी दाट. तिच्यात लिटरला 300 ते 400 ग्रॅमही साखर असू शकते. ती पेल्यात कमी आणि व्हॅनिला आइसक्रीमवर जास्त ओता. यजमानांनी ऐन वेळी फक्त आइसक्रीमच आणलं असेल तर तुमची बाटलीच डेझर्ट होऊन जाते.

गोडाऐवजी चीज येणार असेल तर आनंद माना. निळ्या बुरशीच्या खारट चीजसोबत गोड वाइन जशी खुलते तशी केकसोबतही खुलत नाही. रोकफोरला सोटर्न आणि स्टिल्टनला पोर्ट या जोड्या जुन्या आहेत आणि त्यांत सुधारणा करायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणि ‘काहीही आण’ म्हणणाऱ्यांसाठी 10 वर्षांची टॉनी पोर्ट. नवख्याने पहिल्यांदा हीच न्यावी असं माझं मत आहे. कारण चवीचं कमी आणि सोयीचं जास्त. तिला कडक गार करावं लागत नाही. बूच हाताने निघतं, कॉर्कस्क्रू शोधत बसावं लागत नाही. लिंबाचा टार्ट सोडला तर ती बहुतेक गोडांशी आणि चीजशी जुळवून घेते. अर्धी उरली तर यजमान ती पुढचे काही आठवडे थोडी थोडी पिऊ शकतात. ती गाळायचीही गरज नसते. ‘10 वर्षं’ हा आकडा वेगवेगळ्या वयाच्या वाइन मिसळून साधलेल्या मुरलेपणाचा आहे, एका सालचं पीक असा त्याचा अर्थ नाही. टॉनी बाटलीत आणखी सुधारत नाही. मागच्या लेबलावर बाटलीत भरल्याचं साल दिलं असेल तर अलीकडचं बघून घ्या.

पाचवी पायरी: लेबलावरचे चकवे

फसायला होतं ते इथेच.

‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली फसफसती वाइन ब्रूटपेक्षा थोडी गोड असते, पण डेझर्टला पुरेल एवढी मुळीच नाही. शॅम्पेनच न्यायची असेल तर ‘दमी-सेक’ घ्या, तिच्यात लिटरला 32 ते 50 ग्रॅम साखर असते. तीही हलक्या गोडालाच पुरते.

जर्मन ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरडी. ‘श्पेटलेझ ट्रॉकन’ लिहिलं असेल तर द्राक्षं उशिरा तोडलेली असूनही वाइन कोरडी. पण ट्रॉकनबेरेनआउसलेझ या लांबलचक शब्दातलं ‘ट्रॉकन’ वाइनला नाही, सुकलेल्या मण्यांना उद्देशून आहे, आणि ती जर्मनीतल्या सर्वांत गोड वाइनपैकी एक. एकच शब्द, दोन टोकं. गोंधळ झाला तर अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगवर 7 ते 9 टक्के लिहिलं असेल तर बरीच साखर अल्कोहोल न होता उरली आहे, म्हणजे वाइन गोड. 12च्या पुढे असेल तर बहुधा कोरडी. ही युक्ती पोर्टसारख्या स्पिरिट घातलेल्या वाइनना लागू नाही.

शेरी म्हटली की गोडच, हा आणखी एक गैरसमज. फिनो आणि मान्सानिया अगदी कोरड्या असतात. डेझर्टला पेद्रो हिमेनेझ, मोस्कातेल किंवा ‘क्रीम’ नावाची शेरी. मडेरात सर्सियाल कोरडी, तिथून वेर्देल्यो, बुआल, माम्झी असा गोडवा चढत जातो. आमारोने आणि रेचोतो एकाच भागातल्या वाळवलेल्या द्राक्षांच्या, पण आमारोने कोरडी. फ्रेंचमध्ये ‘मोएल्यु’ म्हणजे गोड, ‘लिकोरु’ म्हणजे अति गोड. इटालियनमध्ये ‘दोल्चे’.

व्हिंटेज पोर्ट हा श्रीमंती चकवा. नाव भारदस्त, पण ती बाटलीत वर्षानुवर्षं मुरते आणि तळाशी गाळ साठतो. ती आधी उभी ठेवून, मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावी लागते आणि उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते. पिशवीतून हिंदकळत नेलेली व्हिंटेज पोर्ट त्याच रात्री उघडली तर पेल्यात चिखल येतो. ती भेट म्हणून द्या, ‘नंतर कधीतरी उघडा’ असं सांगून.

मोस्कातो दास्ती मात्र ताजीच हवी. शेल्फवर मिळेल ते सर्वांत अलीकडचं साल उचला. पांढऱ्या गोड वाइनच्या तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर ते द्राक्षातल्याच आम्लाचे असतात, अपायकारक नाहीत. जुनी सोटर्न मधासारखी तपकिरी दिसली तरी ती बिघडली असं समजू नका.

सहावी पायरी: केवढी बाटली?

छोटी. गोड वाइन एकेकाला 60 ते 75 मिली पुरते, त्यामुळे 375 मिलीच्या अर्ध्या बाटलीत पाच-सहा जण आरामात होतात. टोकाय बहुधा 500 मिलीत येते, सात-आठ जणांना ठीक. मोस्कातो हलकी असल्याने लोक जास्त पितात, तिची पूर्ण बाटली घ्या. तेवढ्याच पैशांत साध्या वाइनची मोठी बाटली की चांगल्या वाइनची अर्धी बाटली, असा पेच पडला तर मी डोळे मिटून अर्धी घेतो.

सातवी पायरी: नेणं, गार करणं, हातात देणं

मोस्कातो 6 ते 8 अंशांना, सोटर्न, टोकाय आणि आइसवाइन 8 ते 12च्या दरम्यान, टॉनी 12 ते 14ला, रूबी साधारण 16ला. थर्मामीटर लावून बसू नका. पांढऱ्या वाइन घरूनच फ्रिजमध्ये ठेवून न्या, टॉनी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की पुरे. यजमानांचा फ्रिज त्या दिवशी भरलेला असतो. ‘जरा ही गार करता का’ म्हणून त्यांना भांडी हलवायला लावणं बरं नव्हे. विसरलात तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात एवढ्या लवकर होत नाही, पाणी लागतंच. फ्रीझरमध्ये टाकून गप्पांत रमू नका. बाटली फुटते.

पेले लिक्युअरचे चिमुकले नकोत. व्हाइट वाइनचे छोटे पेले एक-तृतीयांश भरले की वासाला जागा मिळते. पोर्ट 20 टक्क्यांची आहे हे ओतताना लक्षात ठेवा. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्या पेल्यात ती ओतूच नका.

देताना एक वाक्य पुरतं: ‘गोडासोबत उघडली तर छान, नाहीतर तुमच्यासाठी ठेवा.’ बाटली भेट आहे. यजमानांनी ती कपाटात ठेवली तर आठवण करून देऊ नका. उघडली तर सोटर्नबिटर्नची कथा सांगायचा मोह होईल, तो पहिला घोट होईपर्यंत आवरा. उरलेली सोटर्न बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते, एलबीव्ही आठवडाभर. एवढं निघताना दारात सांगून ठेवा, नाहीतर ती दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये जाते.